बेतून कापणारा महापौर

अख्खं कातडं फळीवर पसरलं की नवख्या माणसाला ते सगळीकडे सारखंच दिसतं. बुटांच्या कारखान्यातल्या कटरला तसं दिसत नाही. पाठीच्या कण्यालगतचा भाग घट्ट, पोटाकडचा सैल आणि ताणणारा, मानेकडे सुरकुत्या, कुठे गोचिडीचे वण, कुठे काट्याचा ओरखडा. चालताना बुटाच्या ज्या भागावर रोज घडी पडते तो पाठीकडच्या कातड्यातूनच निघायला हवा. जीभ आणि आतले तुकडे पोटाकडचे असले तरी चालतात. शिवाय कातडं एका दिशेला कमी ताणतं, दुसरीला जास्त. तुकडा चुकीच्या दिशेनं कापला तर बूट दुकानात देखणा दिसतो आणि थोड्याच दिवसांत पायात पसरतो. हे सगळं लक्षात ठेवून साचे एकमेकांच्या कुशीत बसवायचे आणि मगच सुरी चालवायची. एका कातड्यातून एक जोड जास्त निघाला की तोच नफा, आणि एक तुकडा वाया गेला की तोच तोटा.

हेझन पिंगरी हे काम तरुणपणी शिकला. १८९० ते १८९७ या काळात तो अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराचा महापौर होता. त्याच्यावर लिहिणारे बहुतेक जण सुधारक म्हणून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात त्या फळीपासून करायला हवी. त्यानं शहराचा कारभार ज्या नजरेनं पाहिला ती कटरची नजर होती: वस्तू किती लागली, किंमत किती पडली आणि मधे वाया कुठे गेलं.

त्याचा जन्म १८४० मध्ये मेन राज्यातल्या डेन्मार्क नावाच्या छोट्या गावचा. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे पोरवयातच तो कापडगिरणीत लागला. मग मॅसॅच्युसेट्समधल्या हॉपकिंटन इथे बुटांच्या कारखान्यात कटर झाला. अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात १८६२ साली मॅसॅच्युसेट्सच्या तोफखान्यात भरती झाला. मे १८६४ मध्ये तो पकडला गेला आणि दक्षिणेकडच्या जॉर्जिया राज्यातल्या अँडरसनव्हिलच्या कैदी छावणीत पोचला. त्या छावणीत सुमारे तेरा हजार कैदी उपासमारीनं आणि रोगराईनं मेले. पिंगरी तिथून दुसऱ्या छावणीत हलवला गेला आणि सुटका होणाऱ्या कैद्यांची हजेरी चालू असताना दुसऱ्याच्या नावाला ‘हजर’ म्हणून बाहेर पडला. भुकेबद्दल पुढे त्यानं जे केलं ते वाचताना ही छावणी मनातून जात नाही.

युद्ध संपल्यावर तो डेट्रॉइटला आला. १८६६ मध्ये चार्ल्स स्मिथ या भागीदाराबरोबर बुटांची यंत्रं विकत घेतली आणि पिंगरी अँड स्मिथ ही पेढी उभी केली. वीस वर्षांत तिथे सातशेच्या आसपास माणसं कामाला होती आणि वर्षाची उलाढाल दहा लाख डॉलरच्या घरात गेली होती.

१८८९ मध्ये रिपब्लिकन पक्षाला महापौरपदासाठी उमेदवार हवा होता. शहराची सत्ता डेमोक्रॅट पक्षाकडे होती आणि नगरसेवकांच्या लाचखोरीला लोक कंटाळले होते. प्रतिष्ठित व्यापाऱ्यांनी आपल्यातलाच एक यशस्वी कारखानदार पुढे केला. हा माणूस कर कमी ठेवेल, खर्चाला आळा घालेल आणि आपल्याला त्रास देणार नाही, एवढीच त्यांची अपेक्षा. पिंगरीनं प्रचाराला सुरुवात केली ती दारूच्या गुत्त्यात ग्लास उचलून. पोलिश, जर्मन आणि आयरिश मजुरांच्या वस्त्यांत तो हिंडला आणि निवडून आला. १८९० च्या जनगणनेनुसार शहराची वस्ती २,०५,८७६ होती.

आपल्याकडच्या वाचकाला एक फरक सांगायला हवा. मुंबईचा महापौर नगरसेवकांमधून येतो आणि कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे असतात. डेट्रॉइटचा महापौर थेट लोकांनी दोन वर्षांसाठी निवडलेला असे आणि नगरसेवकांच्या मंडळानं मंजूर केलेला ठराव तो नकाराधिकार वापरून अडवू शकत असे. पण नवं काम उभं करायचं तर मंडळाची मतं लागत, आणि राज्याच्या विधिमंडळानं कायदा केल्याशिवाय शहराला बऱ्याच गोष्टी करताच येत नसत. म्हणजे अडवायची ताकद भरपूर, उभारायची थोडी. पिंगरीची सगळी कारकीर्द या बेताच्या कातड्यातून कापलेली आहे.

पहिला हात त्यानं रस्त्यांना घातला. डेट्रॉइटचे बरेच रस्ते सेडार लाकडाच्या ठोकळ्यांचे होते. सेडारच्या खांबांची साल काढून त्यांचे अर्धा फूट उंचीचे गोल तुकडे करायचे. वाळू पसरून त्यावर फळ्या टाकायच्या, फळ्यांवर तुकडे उभे रचायचे आणि फटींमध्ये खडी आणि डांबर भरायचं. हा रस्ता स्वस्तात आणि झटपट होतो, वर टापांचा आवाजही कमी. पण गोल तुकडे शेजारी शेजारी कितीही घट्ट रचले तरी तीन गोलांच्या मधे फट राहतेच. त्या फटीतून पावसाचं पाणी आणि घोड्यांचं मूत खाली उतरतं, फळी कुजते आणि वरचा तुकडा खचतो. तुकड्याची बाहेरची मऊ लाकडाची कड आधी झिजते आणि मधला गाभा टेकाडासारखा उरतो. काही वर्षांत रस्ता खडबडीत, वास मारणारा आणि जास्त पावसात तुकडे तरंगायला लागलेला. उन्हाळ्यात डांबर पाझरायचं. कंत्राटदाराला मात्र हे सोयीचं, कारण थोड्या वर्षांनी तेच काम पुन्हा मिळतं.

पिंगरीनं काँक्रीटच्या पायावर विटा किंवा डांबराचा थर असलेले रस्ते मागितले. सुरुवातीला खर्च जास्त, पण दर वर्षाचा हिशेब मांडला तर कमी. बूट बनवणाऱ्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. स्वस्त तळव्याचा बूट महाग पडतो हे त्याला गिऱ्हाइकाकडून कळलेलं असतं. काही वर्षांत डेट्रॉइटचे रस्ते देशातल्या चांगल्या रस्त्यांमध्ये गणले जाऊ लागले. शहरातून बाहेर जाणाऱ्या मोठ्या रस्त्यांवर खासगी कंपन्यांचे टोलनाके होते, त्यांच्याशीही तो भिडला.

आतापर्यंत व्यापारी मंडळी खूश होती. बिनसलं ते ट्रामवरून.

शहराची मुख्य ट्राम एका खासगी कंपनीच्या ताब्यात होती. इतर शहरांत विजेच्या ट्राम आल्या होत्या तरी इथे घोडेच होते. भाडं पाच सेंट, आणि १८७९ मध्ये परवान्याला मिळालेल्या तीस वर्षांच्या मुदतवाढीमुळे कंपनीला १९०९ पर्यंत कशाची घाई नव्हती. एप्रिल १८९१ मध्ये कामगारांनी संप केला. रस्त्यांवर गाड्या अडवल्या गेल्या, दगड पडले. कंपनीला राज्याची लष्करी तुकडी हवी होती. पिंगरीनं ती बोलवायला नकार दिला आणि वाद लवादाकडे न्यायला लावला. तीन दिवसांत संप मिटला. ज्यांनी त्याला निवडून आणलं होतं त्यांच्यातले बरेच जण तिथून तुटले.

त्यानंतर त्याच्या बोलण्यातला रोख बदलला. लाच घेणारा नगरसेवक दिसणं सोपं असतं. लाच देणारा कोण, हे तो आता विचारू लागला. आणि देणारे त्याच्याच पंगतीला बसणारे निघाले. एका बँकेच्या संचालक मंडळावरून त्याला काढलं गेलं. वर्तमानपत्रं त्याची बाजू छापेनात, तेव्हा नगरभवनाच्या दारात त्यानं सूचनाफलक लावले आणि लोकांना सांगायचं ते तिथे लिहू लागला.

ट्रामच्या लढाईत तो बऱ्याचदा हरला, आणि मला तो भाग सर्वात शिकण्यासारखा वाटतो. १८७९ ची मुदतवाढ शहराच्या अधिकाराबाहेरची होती असा खटला शहरानं लढवला. खालच्या कोर्टात शहर जिंकलं, वरच्या कोर्टात हरलं. मग त्यानं दुसरी कंपनी आणली. १८९५ मध्ये तिच्या विजेच्या ट्राम धावू लागल्या. दिवसा पंचवीस सेंटना आठ तिकिटं, म्हणजे तिकीट तीन सेंटच्या जरा वर, आणि रात्री पंचवीस सेंटना सहा. सकाळ-संध्याकाळ कामावर जाणाऱ्या माणसाचे आठवड्याला वीस-बावीस सेंट वाचले. पण पुढे दोन्ही कंपन्या एकाच मालकीखाली आल्या. रूळ एकाच रस्त्यावर दोनदा टाकता येत नाहीत, त्यामुळे ट्राममध्ये स्पर्धा फार काळ टिकत नाही. मोठा मासा धाकट्याला विकत घेतो आणि गिऱ्हाईक होतं तिथे येतं. या अनुभवानंतर पिंगरी ट्राम शहराच्याच मालकीची असावी असं म्हणू लागला.

जुन्या कंपनीच्या बाजूनं त्याच्याशी झुंजणारा टॉम जॉन्सन नावाचा उद्योजक होता. हाच जॉन्सन पुढे क्लीव्हलँडचा महापौर झाला आणि तीन सेंटच्या भाड्यासाठी तिथल्या ट्राम कंपनीशी लढला. शत्रूकडूनच माणूस एवढं शिकल्याची उदाहरणं मोजकीच असतील. डेट्रॉइटच्या ट्राम शहराच्या ताब्यात यायला मात्र १९२२ उजाडलं.

दिव्यांचं काम जास्त नीट झालं. डेट्रॉइटमध्ये दीडशे फुटांच्या आसपास उंचीचे १२२ लोखंडी मनोरे होते आणि त्यांच्या माथ्यावर आर्क दिवे. एका मनोऱ्यानं कित्येक गल्ल्या चांदण्यासारख्या उजळाव्यात ही कल्पना. प्रत्यक्षात झाडांच्या खाली काळोख राहायचा आणि धुक्यात उजेड वरच्या वर विरायचा. आर्क दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या जळून संपतात, त्यामुळे माणसाला रोज त्या उंचीवर चढवून कांड्या बदलाव्या लागत. हे सगळं खासगी कंपनी चालवायची आणि दर दिव्यामागे शहराकडून पैसे घ्यायची. पिंगरीनं इतर शहरांत दिव्याला काय पडतं याचे आकडे मागवले आणि ते लोकांपुढे मांडले. मतदारांनी आणि विधिमंडळानं मान्यता दिल्यावर शहरानं स्वतःचं वीजघर बांधलं आणि १८९५ मध्ये रस्त्यावरचे दिवे त्यावर लागले. हे वीजघर फक्त रस्त्यांसाठी आणि सार्वजनिक इमारतींसाठी होतं, घरांना वीज विकायची परवानगी त्याला नव्हती. मनोऱ्यांपैकी ३१ टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरानं विकत घेतले. त्यांतले काही तिथे अजून उभे आहेत.

शाळा मंडळाची हकीकत थोडक्यात सांगतो. ऑगस्ट १८९४ मध्ये पिंगरी मंडळाच्या सभेत गेला, लाच घेणाऱ्यांनी राजीनामे द्यावेत नाहीतर अटक होईल असं तिथेच सांगितलं, आणि कोणी उठेना तेव्हा पोलिसांना आत बोलावलं. चार सभासदांना सभेतून उचललं.

आता बटाटे.

१८९३ मध्ये अमेरिकेत बँका कोसळल्या आणि कारखाने बंद पडले. डेट्रॉइटमध्ये रेल्वेचे डबे आणि शेगड्या बनवणारे मोठे कारखाने होते. तिथली हजारो माणसं घरी बसली, त्यांत पोलिश आणि जर्मन कुटुंबं बरीच. शहराचा गरीब-मदत निधी आटला. १८९४ चा उन्हाळा आला तरी काम नव्हतं, आणि पुढे दुसरा हिवाळा दिसत होता.

शहराच्या कडेला मोकळी जमीन भरपूर पडून होती. भाव चढेल तेव्हा विकू म्हणून मालकांनी ती प्लॉट पाडून राखून ठेवली होती. पिंगरीनं एका बाजूला ही जमीन पाहिली, दुसऱ्या बाजूला रिकामे हात पाहिले. त्या हातांतले बरेच जण युरोपातल्या खेड्यांतून आलेले, मातीत वाढलेले. कटरच्या हिशेबानं ही दोन्ही कातड्याची कापायची राहिलेली टोकं होती. त्यानं मालकांना आवाहन केलं: जमीन एका हंगामापुरती वापरायला द्या, विकायची वेळ आली तर परत घ्या. भाडं नाही, मालकीचा प्रश्न नाही.

काम एका समितीकडे दिलं. तिच्या कामकाजाची सूत्रं कॅप्टन कॉर्नेलियस गार्डनर या लष्करी अधिकाऱ्याकडे होती. लष्करी माणूस निवडला हे महत्त्वाचं, कारण ही योजना शेतीपेक्षा जास्त पुरवठ्याची होती. समितीनं जमिनी नांगरून, कुळवून दिल्या. खुंट्या ठोकून पाव ते अर्ध्या एकराचे तुकडे पाडले, म्हणजे आपल्या मापात दहा ते वीस गुंठे. बेणं आणि बियाणं दिलं: मुख्यतः बटाटे, शिवाय घेवडा आणि सलगम. कुटुंबानं लावायचं, निंदायचं, काढायचं. पीक सगळं त्याचं.

सलगम आणि घेवड्याची निवडही विचारपूर्वक आहे. बटाटा पोट भरतो आणि थंड, अंधाऱ्या तळघरात महिनोन्‌महिने टिकतो. वाळवलेल्या घेवड्यातून प्रथिनं मिळतात आणि तो पोत्यात राहतो. सलगम उशिरा पेरलं तरी थंडी पडायच्या आत येतं. तिन्ही पिकं हिवाळ्यासाठी होती. पालेभाजी लावली असती तर सप्टेंबरपर्यंत संपली असती.

पैशासाठी त्यानं चर्चना हाक दिली. शहरातल्या श्रीमंत चर्चमधून अगदी तुटपुंजी रक्कम आली. मग त्यानं स्वतःचा आवडता घोडा लिलावात काढला.

जून उजाडला होता. डेट्रॉइट ज्या राज्यात आहे त्या मिशिगनमध्ये बटाट्याची लागवड साधारण मे महिन्यात उरकते. उशीर झाला की कंद फुगायच्या वेळेला थंडी गाठते आणि पहिल्या हिमानं वेल काळे पडले की वाढ तिथेच थांबते. बेण्याच्या बटाट्याचे तुकडे करताना प्रत्येक तुकड्याला दोन तरी डोळे ठेवायचे, कापलेली बाजू एक-दोन दिवस सुकू द्यायची, नाहीतर तुकडा ओल्या मातीत कुजतो. चार बोटं खोल लावायचा, ओळींत माणूस खुरपं घेऊन बसेल एवढं अंतर. वेल वीतभर झाले की मातीची भर द्यायची, कारण उघडा पडलेला कंद हिरवा, कडवट आणि विषारी होतो. त्या काळात कोलोरॅडो भुंगा सगळीकडे पसरलेला होता. त्याच्या अळ्या आठवडाभरात वेलाच्या काड्या उरवतात. त्यावर पॅरिस ग्रीन नावाची आर्सेनिकची हिरवी पूड मारत, नाहीतर अळ्या हातानं वेचून डब्यात टाकत. पोरांचे हात या कामाला उपयोगी पडले असणार. त्यात त्या वर्षी पाऊसही ओढ देऊन बसला.

टीकाकारांनी आधीच सांगून ठेवलं होतं: हे लोक आळशी आहेत, कोणी राबणार नाही, बेणंच खाऊन टाकतील, पीक आलंच तर रात्रीत चोरीला जाईल. वर्तमानपत्रांनी ‘बटाटा पिंगरी’ म्हणून चित्रं काढली. तीन हजारांवर कुटुंबांनी अर्ज केले. जमीन आणि पैसा पुरला तो ९४५ कुटुंबांना, सुमारे ४३० एकरांवर. सरासरी अठरा गुंठे पडले. शहराचा खर्च सुमारे ३,६०० डॉलर, म्हणजे कुटुंबामागे चार डॉलरच्या आत. पिकाची किंमत बारा ते चौदा हजार डॉलर धरली गेली. उशिराची लागवड, कोरडा उन्हाळा आणि नवी योजना, तरी खर्चाच्या तिपटीहून जास्त. दुसऱ्या वर्षी कुटुंबं दीड हजारांवर गेली, तिसऱ्या वर्षी आणखी वाढली.

या आकड्यांत मला सर्वात जास्त भावतो तो कुटुंबामागचा चार डॉलरच्या आतला खर्च. तेवढ्या पैशांचं धान्य वाटलं असतं तर काही आठवड्यांत संपलं असतं. इथे त्याची नांगरट, बेणं आणि अवजारं झाली, आणि तळघरात पोती आली. रांगेत उभं राहून घेतलेली पोती आणि आपण खणून काढलेली पोती यांत घरातल्या माणसाच्या मानेचा फरक असतो, आणि पिंगरीला तो फरक कळत होता असं मला ठामपणे वाटतं.

न्यूयॉर्क, बॉस्टन, बफेलो, मिनियापोलिस अशा शहरांनी हाच प्रयोग आपापल्या पद्धतीनं केला. फिलाडेल्फियात १८९७ मध्ये त्यासाठी स्वतंत्र संस्था निघाली आणि मंदी गेल्यावरही तिनं काम चालू ठेवलं. डेट्रॉइटमध्ये मात्र कारखाने सुरू झाले तसे मळे ओसरले. उसनी जमीन मालकांकडे परत गेली. योजनेची कमजोरी तिच्या करारातच होती: जी अट घातल्यामुळे जमीन इतक्या लवकर मिळाली, त्याच अटीमुळे ती टिकली नाही.

१८९६ मध्ये पिंगरी मिशिगनचा गव्हर्नर म्हणून निवडून आला. दोन्ही पदं एकदम सांभाळायचा त्याचा हट्ट होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं मार्च १८९७ मध्ये नाही म्हटलं आणि त्यानं महापौरपद सोडलं. हा हट्ट मला चुकीचा वाटतो. आपण गेलो तर केलेलं मोडेल, ही भीती त्याला होती, आणि त्या भीतीपोटी तो अधिकार मुठीत धरून बसायचा. निष्ठावंतांना नोकऱ्या देऊन त्यानंही आपली यंत्रणा उभी केली होती. गव्हर्नरपदाच्या शेवटी लष्करी कपड्यांच्या घोटाळ्यात दोषी ठरलेल्या आपल्या माणसांना त्यानं माफी दिली. ज्यानं शाळा मंडळाच्या सभेत पोलीस नेले त्याच्या हातून हे घडलं, याचं वाईट वाटतं.

गव्हर्नर म्हणून त्याचं मोठं काम रेल्वेच्या कराचं. रेल्वे कंपन्या उत्पन्नावर थोडा कर भरत आणि शेतकरी जमिनीच्या किमतीवर जास्त. आधी रेल्वेची किंमत तरी मोजा, असं म्हणून त्यानं १९०० मध्ये मिशिगन विद्यापीठाचे अभियंते मॉर्टिमर कूली यांच्याकडे ते काम दिलं. रूळ, पूल, इंजिनं, डबे, सगळ्याची मोजदाद. किंमत कागदावर आल्यावर कर टाळणं कठीण झालं.

१९०१ च्या सुरुवातीला पद सोडून तो दक्षिण आफ्रिकेच्या प्रवासाला गेला. परतताना लंडनमध्ये आजारी पडला आणि १८ जून १९०१ ला तिथेच वारला. वय साठ.

डेट्रॉइटच्या ग्रँड सर्कस पार्कमध्ये त्याचा पुतळा आहे. लोकांनी वर्गणी काढून १९०४ मध्ये बसवलेला, ब्राँझचा, खुर्चीत बसलेला. खालच्या मजकुरात शूर सैनिक, यशस्वी नागरिक, चार वेळा महापौर, दोन वेळा गव्हर्नर असं लिहिलं आहे. बलाढ्य खासगी कंपन्यांच्या धोक्याचा इशारा देणारा पहिला माणूस, असंही आहे. शेवटी ‘लोकांचं दैवत’. बटाट्यांचा उल्लेख त्यात नाही. बुटांचाही नाही.